प्रणितची लादी

पेणच्या त्या कॉलेजात नव्या मुलांचं स्वागत करायची एक रीत होती. गुलाबाचं फूल आणि प्राचार्यांचं पाऊण तासाचं भाषण सगळीकडेच असतं, तसं इथेही होतं. पण खरं स्वागत व्हायचं ते कलामंडळाच्या खोलीत. तिथे लांब टेबलावर शाडूच्या ओल्या लाद्या मांडलेल्या असायच्या. नव्यानं आपला उजवा हात लादीत दाबायचा, खाली खिळ्यानं नाव कोरायचं, की झाला तो मंडळाचा. वाळलेली लादी फळीवर चढायची आणि तीन वर्षं तिथेच राहायची. कॉलेज संपलं की ज्यानं त्यानं आपला हात घरी न्यायचा. जो मध्येच सोडून जाई किंवा न्यायला विसरे, त्याची लादी पुढच्या जूनमध्ये पाण्याच्या टबात विरघळायची आणि त्याच मातीत नव्यांचे हात उमटायचे. गणपती घडवणाऱ्या गावात माती कोणी फुकट घालवत नाही.

यंदा ही सगळी उठाठेव दिपिकाच्या गळ्यात होती. तिसऱ्या वर्षाची दिपिका मंडळाची सेक्रेटरी होती. ती रोज रोह्याहून एसटीनं यायची. वडील धाटावला कंपनीत शिफ्टला जायचे. त्यांच्या शिफ्टचा कागद भिंतीवर बघतच ती वाढली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची यादी केल्याशिवाय तिला करमत नसे. खिळे किती, टब किती, फडकी कुणी आणायची, सगळं वहीत. मुलं तिला मागून ‘यादीताई’ म्हणायची आणि तिला ते ठाऊक होतं.

जूनमध्ये ऑफिसातून नाव कमी झालेल्यांचा कागद आला. त्यात मंडळातली नऊ नावं होती. कुणाचं लग्न ठरलं होतं, कुणी नोकरीला लागलं होतं, दोघं मुंबईला गेले होते. सातवं नाव प्रणितचं होतं. प्रणित मार्चमध्ये वारला होता. धरमतरच्या खाडीकाठच्या गावातून मोटरसायकलवर परीक्षेला येत असताना वडखळच्या नाक्यावर ट्रेलरखाली आला आणि जागच्या जागी गेला. पहिलंच वर्ष होतं त्याचं. ऑफिसच्या कागदाला त्याचं काय? लग्न झालेली आणि मेलेला, दोघांपुढे शेरा एकच, ‘नाव कमी’.

त्या मार्चमध्ये सगळं कॉलेज रडलं होतं, फक्त दिपिका रडली नव्हती. शोकसभेला कोण बोलणार, फोटो कोण आणणार, हार किती, याची यादी तिनं केली होती आणि सभा वेळेत पार पडली होती. पण नंतर खोली उघडली की समोरच्या फळीवरचा तो हात तिच्याकडे बघायचा. रोज सकाळी एसटीत वडखळ आलं की ती मोबाइलमध्ये तोंड घालायची, आणि इकडे खोलीत पाऊल टाकावं तर पुन्हा तेच. म्हणून कागद आला तेव्हा तिनं बाकीच्या आठ लाद्या मंडळातल्या आदेशला फोडायला दिल्या आणि प्रणितची स्वतः उचलली. कुणी नसताना तिनं ती दोन्ही हातांवर घेतली, डोळे मिटले आणि गणपती सोडतात तशी अलगद टबात सोडली. बुडबुडे आले, थांबले. आपण त्याचं नीट केलं असं तिला अगदी मनापासून वाटलं. दोष द्यायचा तर द्यावा तिला, पण हेतू वाईट नव्हता एवढं मात्र खरं.

स्वागत समारंभ शुक्रवारी होता. सोमवारी गोविंदामामा, कॉलेजचे शिपाई, चहाचे ग्लास उचलता उचलता म्हणाले, “दिपे, त्या प्रणितची आई आली व्हती गेटवर. शुक्रवारी येनार हाय.”

“कशाला?”

“त्याची लादी न्यायला. पोरगा घरी सांगून गेल्ता म्हनं, आई, माजा हात कॉलेजात ठेवलाय, तीन वर्सांनी आनीन. ती म्हनाली, आता तो काय आनत नाय, मीच नेते.”

दिपिकानं हातातली वही मिटली. टबाकडे बघायची सोय नव्हती. नऊ लाद्यांचा आणि गणपतीच्या कारखान्यातून आणलेल्या नव्या मातीचा एव्हाना एकच गोळा झाला होता.

खरं सांगून टाकायला चार दिवस होते. गोविंदामामांकडे निरोप देता आला असता, स्वतः धरमतरला जाता आलं असतं. सोमवारी संध्याकाळी धरमतरची गाडी धरायला ती वडखळला उतरलीसुद्धा. दहा मिनिटं नाक्यावर उभी राहिली आणि पुढच्या रोहा गाडीत चढून घरी गेली. आई आहे ती, रडेल, आपल्याला काय उत्तर देता येणार, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. मंगळवारी सकाळी तिनं आदेशला खोलीत बोलावलं.

आदेश हा प्रणितचा बाकावरचा सोबती. अंगानं तसाच, उंचीनंही तसाच. दिपिकानं ओली लादी पुढे सरकवली तेव्हा त्याला आधी कळलंच नाही, आणि कळल्यावर त्यानं हात पाठीमागे नेला.

“ताई, हे बरं नाय दिसत.”

“त्या बाईला रिकाम्या हातानं परत पाठवू? ते बरं दिसेल?”

“पन माजा हात...”

“हात काय, सगळ्यांचे सारखेच असतात. दाब.”

त्यानं दाबला. नाव दिपिकानं कोरलं, हजेरीच्या वहीतली त्याची सही बघून, प्रणितसारखाच ‘ण’ जरा वाकडा काढून. कारखान्यात ओल्या मूर्तींपुढे लावतात तसा पंखा आणि वर मोठा बल्ब लावून तिनं लादी तीन दिवस वाळवली. गुरुवारी संध्याकाळी ती फळीवर प्रणितच्या जागी चढली. आदेश त्या दिवशी खोलीत फिरकला नाही.

शुक्रवारी भाषण संपून खोलीत लाद्यांचं काम रंगात आलं होतं, तेव्हा प्रणितची आई, बायजाबाई आल्या. काळ्या, काटक, उन्हानं चेहरा रापलेला. मिठागरात उभं आयुष्य गेलेल्या बाईचे असतात तसे त्यांचे पाय घोट्यापर्यंत भेगाळलेले होते. हातात पिशवी. दारातच चपला काढून ठेवल्या आणि देवळात यावं तसं आत आल्या. टेबलाभोवती नव्या मुलामुलींचा गलका चालला होता, कुणाच्या बोटाला माती, कुणाच्या नाकाला. एक दिपिकाच्या ओळखीची नागोठण्याची मुलगी, मनस्वी, सगळ्यांत शेवटी रांगेत उभी होती आणि पुढे सरकायला लाजत होती.

“तूच गो दिपिका? माजा पोरगा तुजं नाव घ्यायचा,” बायजाबाई म्हणाल्या. “म्हनायचा, आमची एक यादीताई हाय.”

दिपिकाला हसताही येईना. तिनं फळीवरची लादी काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. बायजाबाईंनी पिशवीतून एक धुतलेला, इस्त्री केलेला निळा शर्ट काढून टेबलाच्या कोपऱ्यावर पसरला. लादी गुंडाळून न्यायला आणला होता. त्यावर लादी ठेवली, नावावरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत होतं की नाही कोण जाणे. मग त्यांनी आपला उजवा हात त्या हातात ठेवला, बोटावर बोट. अंगठा, मग तर्जनी, मग मधलं, असं करत त्या करंगळीपाशी आल्या आणि थांबल्या.

पुन्हा पहिल्यापासून ठेवून बघितला. खोलीतला गलका चालूच होता.

“गो,” त्या हळूच म्हणाल्या, “यो माज्या पोराचा हात नाय.”

“मावशी, आहे... नाव बघा ना.”

“नाव ऱ्हाऊ दे. प्रणितची करंगली वाकडी व्हती. चौथीत व्हता तवा मीठ वडायच्या फलीखाली घावली. मीच हलद लावून बांदली, ती तशीच वाकडी बसली. सरल करंगलीचा हात माज्या घरात नाय.” त्यांनी मान वर केली. “कोनाचा हात हाय यो?”

दिपिकानं गेल्या वर्षी स्वतः त्याचा हात धरून लादीत दाबला होता. ‘घाबरतोस काय, जोर लाव’ म्हणाली होती. महिनोन्महिने तो हात फळीवर बघितला होता. आणि तिला करंगळी आठवत नव्हती. खोटं पकडलं गेल्याची लाज एकीकडे आणि ही लाज एकीकडे, आणि ही फार मोठी होती.

दाराशी आदेश उभा होता. तो कधी आला कुणाला कळलं नव्हतं. “माजा हाय, मावशी,” तो म्हणाला.

बायजाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग लादीकडे. दिपिकाला वाटलं, आता ओरडतील, आता लादी आपटतील. त्यांनी मात्र टेबलावरच्या पाण्याच्या भांड्यात अंगठा बुडवला आणि ते कोरलेलं नाव घासायला लागल्या. पुन्हा बुडवला, पुन्हा घासलं. वाळलेली शाडू चिखल होऊन खाली ओघळली. नावाची खूण गेली तरी त्या घासतच होत्या.

“जित्या पोराच्या हाताखाली मेलेल्याचं नाव घालतात का गो?” त्यांनी चिखलाचा अंगठा पदराला पुसला. “याला आई नाय? तिनं बघितलं असतं तर?” लादी उचलून त्यांनी आदेशच्या हातात दिली. “घरी ने. आईला दे. तिला म्हनावं, जपून ठेव.”

आदेश लादी छातीशी धरून उभा राहिला, ओठ दातांत धरून.

“आनि माज्याचा कुठं हाय?”

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. दिपिकानं सगळं सांगितलं, ऑफिसचा कागद, फळी, डोळे मिटून केलेलं ते विसर्जन. सांगताना तिनं टबाकडे बोट केलं. टबात तळाशी पसाभर माती उरली होती. बाकीची टेबलावर होती, चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या हाताखाली.

बायजाबाईंनी टेबलावरच्या एकेका लादीवरून नजर फिरवली.

“गनपती हलवताना घरातल्या समद्यांना बोलवतात,” शेवटी त्या म्हणाल्या. “पाटाला हात लावायला. तान्ह्या पोराचा पन हात लावून घेतात. माज्या पोराला तू एकटीनंच सोडलंस. मी काय परकी व्हते गो?”

“चुकलं, मावशी.”

“चुकलंच.”

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि दिपिकानं मागितलंही नाही. तेवढी अक्कल तिला त्या क्षणी आली होती. बायजाबाईंनी बांगड्या वर सारल्या, पदर खोचला आणि टबाशी उकिडव्या बसल्या. हात कोपरापर्यंत आत घातला. तळाची माती त्यांनी मुठीत घेतली, सोडली, पुन्हा घेतली. खोली एव्हाना गप्प झाली होती. नव्या मुलांना काही कळलं नव्हतं, पण गप्प राहायचं असतं एवढं कळलं होतं.

“खडं हायत यात,” त्या म्हणाल्या. “मललीच नाय नीट.”

आणि मळायला लागल्या. मिठागराची जमीन पायांनी तुडवून गुळगुळीत करणाऱ्या बाईचे हात ते, मातीला कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे त्यांना सांगायला नको होतं. मळताना त्या रडत होत्या, डोळे न पुसता, आणि काम थांबवलं नव्हतं. सगळी माती लोण्यासारखी झाल्यावर त्यांनी ती टेबलावर थापली. बरोबर एक लादी झाली.

“कोन ऱ्हायलंय?”

मनस्वी राहिली होती. ती पुढे आली, हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबली. बायजाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तळवा मातीवर ठेवला. वर आपला हात ठेवला.

“जोर लाव, पोरी. भिऊ नको.”

मनस्वीनं जोर लावला. हात उचलला तेव्हा खाली पाच सरळ बोटं उमटली होती, लहानशी, एका अंगठीच्या खुणेसकट. बायजाबाईंनी वाकून ती नीट बघितली. खिळा मनस्वीच्या हातात दिला. “नाव तूच लिव. दुसऱ्या कोनाला देऊ नको लिवायला.”

मग त्यांनी शर्टाची घडी घालायला घेतली. दिपिकानं घाईघाईनं टबाच्या कडेची माती बोटांनी निपटली, तिचा लिंबाएवढा गोळा केला आणि पुढे धरला. “मावशी, एवढं तरी न्या. यात असेल तो.”

बायजाबाईंनी गोळा हातात घेतला. अंगठ्यानं जरासा दाबला. दिपिकाला वाटलं, नेतील. पण त्यांनी तो परत टबात ठेवला आणि वर ओलं फडकं नीट झाकलं, वाळू नये म्हणून.

“नको,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे हितंच. त्याची अजून दोन वर्सं बाकी हायत.”

शर्ट पिशवीत घालून त्या दाराशी गेल्या, चपला पायांत सरकवल्या आणि धरमतरची गाडी कधी आहे ते गोविंदामामांना विचारत बाहेर पडल्या. दिपिका टबाशी तशीच बसून होती. मार्चमध्ये जे झालं नव्हतं ते आता झालं. सगळ्या नव्या मुलांच्या देखत ती हमसून हमसून रडली, आणि आदेशनं खोलीचं दार लोटून घेतलं.