दाखवायचा फ्रिज

घाबरू नका, मी फ्रिज बोलतोय. खरं तर घाबरट मीच. माझी मोटर चालू झाली की पहिला दचकतो तो मी.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी दुकानात काचेजवळ उभा होतो. विकायचा नव्हे, दाखवायचा. लोक माझे कप्पे ओढून बघायचे, बर्फाच्या खणात डोकं घालायचे, फोटो काढायचे आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायचे ते जायचेच. दुकानदारकाका बोटांचे ठसे पुसत पुटपुटायचे, "हाताळायला आपण, घ्यायला फोन!"

एकदा सासूबाई, मुलगा आणि सून अशी तिघं आली. घरचा फ्रिज बंद पडलेला. सासूबाईंचं इन्सुलिन शेजारणीच्या फ्रिजमध्ये.

"काका, हाच फ्रिज ऑनलाइन बराच स्वस्त आहे," मुलगा फोन दाखवत म्हणाला.

"असेल की. येणार कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि जुना कोण उचलणार?"

मुलगा फोनवर बोट फिरवत राहिला.

"अरे, मिक्सर मागवलाच होता ना? छान चाललाय," सून म्हणाली. "थांबू आठवडाभर."

"थांबा की," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मला काय, रोज सकाळी शेजारणीची बेल वाजवायची. बिचारी झोपेतून उठून गाउनवरच येते. मी म्हणते, त्रास देते हं. ती म्हणते, असू दे. रोज तेच. बेलवर बोट ठेवायलाच नको वाटतं."

सून चपापली. "आई, बोलला नाहीत कधी!"

"तुम्ही पैसे वाचवत होतात. काय बोलायचं?"

सुनेने नवऱ्याचा फोन घेऊन सरळ पर्समध्ये टाकला. "काका, आज मिळेल?"

"खोक्यातला संपलाय. हा दाखवायचा नेता? कडेला ओरखडा आहे, त्याचे कमी करतो. गॅरंटी पूर्ण. संध्याकाळी पोचवतो, जुना घेऊन जातो."

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. फ्रिजला हे बरं नव्हे.

जिन्यात तर मी डोळेच मिटून घेतले. "लगेच चालू करू नका, जरा उभा राहू दे त्याला," काकांनी बजावलं होतं. तोवर सासूबाई समोर खुर्ची टाकून बसल्या, जणू मी लांबच्या प्रवासाहून आलेला भाचा. मी गार झाल्यावर त्यांनी इन्सुलिनचा डबा मधल्या कप्प्यात ठेवला आणि दारावरून हात फिरवला. असा हात दुकानात कुणी फिरवला नव्हता.

थोड्याच दिवसांत सकाळी आमचीच बेल वाजली. दारात शेजारीण, गाउनवरच.

"काय हो, फ्रिज आला आणि आम्हाला विसरलात? तुमची बेल नाही, तर मला जागच येत नाही!"

सासूबाई आधी ओशाळल्या, मग खुदकन हसल्या.

आता ती रोज येते. सासूबाई डबा काढायला मला उघडतात आणि तिथेच दोघींच्या गप्पा सुरू होतात. मी आतून टूं टूं करत ओरडतो, पण ऐकतं कोण? मी सुखात आहे, तक्रार नाही. तुम्हीही खुशाल भाव बघा, फोनवर बघा, दुकानात बघा. घ्यायच्या आधी घरातल्या गप्प माणसाला तेवढं विचारा.

आणि बायांनो, बोला पोटभर. फक्त माझं दार लावून घ्या हो, थंडी वाजत नाही मला, उलट उकडायला लागलंय!