डांगे चौक अंगावर घेतलेला फळा

मी फळा बोलतोय. आजवर माझ्या अंगावर सगळ्यांनी लिहिलं, आता जरा माझंही ऐका. आणि ऐकताना उगाच "हो, हो" करू नका. त्या 'हो'चाच मला जन्मभर वैताग आहे.

जन्म माझा चाकणजवळच्या निघोजे गावातला. आंब्याच्या चार फळ्या, मागून दोन पट्ट्या आणि गावच्या सुताराचा एक दिवस, एवढ्यात मी झालो. बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा कुटून, त्यात पाल्याचा रस कालवून शाळेतल्या पोरांनीच मला काळा केला. शाळेत आयुष्य गेलं, पण वाचायला मला शेवटपर्यंत आलं नाही. येणार कसं? अक्षरं माझ्या पोटावर. मला दिसायची ती समोरची तोंडं. तेवढी मात्र मी पाठ केली.

दादासाहेब गुरुजी तोंड माझ्याकडे आणि पाठ पोरांकडे करून लिहायचे. लिहून झालं की न वळताच विचारायचे, "समजलं का?" चाळीस गळ्यांतून एकच सूर यायचा, "होऽऽ गुरुजी!" आणि मी समोर बघत असायचो. चाळिसातल्या तिसांना ओ की ठो कळलेलं नसायचं. पण फळ्याला विचारतो कोण?

पुढं शाळेत पांढरे, गुळगुळीत फळे आले आणि मी भंगारात गेलो. तिथं मला शौकतभाईंनी बघितलं. काळेवाडीत त्यांचं दुचाकीचं गॅरेज. ते आले होते जुना सायलेन्सर शोधायला, घेऊन गेले मला. कुठल्या गाडीचा क्लच, कुठल्या गाडीचा ब्रेक, हे माझ्यावर खडूनं लिहायचे आणि तेलकट फडक्यानं पुसायचे. माणूस तोंडाचा फटकळ, पण मला पटला. नवा कारागीर आला की त्याला समजलं का वगैरे काही विचारत नसत. हातात पाना द्यायचे आणि म्हणायचे, "खोलून दाखव."

त्यांची एकुलती एक मुलगी साबिया. लहानपणी माझ्यासमोर हेल्मेटं ओळीनं मांडून शाळा शाळा खेळायची. तेवढे विद्यार्थी मात्र सरळ होते. खोटं हो म्हणत नसत.

साबिया मोठी झाली आणि खरंच बाई झाली. थेरगावच्या एका शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवलं. मग म्हणाली, "अब्बा, मला व्हिएतनामला जायचंय. तिकडच्या मुलांना इंग्रजी शिकवायचंय." मी मनात म्हटलं, आता हे काय खूळ? काळेवाडीतली पोरं काय इंग्रजी पिऊन बसलीत? शौकतभाईंनी दोन दिवस एकच इंजिन खोललं आणि जोडलं. तिसऱ्या दिवशी पासपोर्टच्या फोटोसाठी तिला स्वतःच घेऊन गेले.

पण परदेशात असं उठून शिकवता येत नाही म्हणे. आधी शिकवायचं कसं ते शिकायचं, मग सर्टिफिकेट मिळतं. तो कोर्स घेणाऱ्या विजयश्री मॅडम स्वतः नऊ वर्षं तिकडं शिकवून आलेल्या. त्यांची अट साधी होती. साबियानं खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवायचं आणि मॅडम मागं बसून बघणार. सहातले चार तास त्यांना पटले तर सर्टिफिकेट, नाहीतर घरी बसा.

विद्यार्थी कुठले? एक बाळू, चाकणच्या कंपनीत मशिनवर असतो. बाहेरदेशीचे इंजिनिअर आले की त्याची दातखीळ बसायची. दुसऱ्या ठकुबाई, शेजारीच कामगारांची मेस चालवतात. नातवाच्या इंग्रजी शाळेत मीटिंगला जाऊन मुक्यासारखं बसायचा त्यांना कंटाळा आला होता. शिवाय गल्लीतले आणखी सहा जण. वर्ग भरायचा गॅरेजातच, गुरुवारी, कारण त्या दिवशी बाळूच्या कंपनीला सुट्टी. बसायला टायर, आणि फळा मी. इतक्या वर्षांनी अंगावर क्लचऐवजी धडा आला. मी नको नको म्हणत खूश झालो.

पहिल्या चार तासांतले तीन पटले, एक गेला. पाचव्याला साबिया रस्ता कसा सांगायचा ते शिकवणार होती. लेफ्ट, राइट, स्ट्रेट. पोरीनं जीव तोडून शिकवलं. माझ्या पोटावर बोटभर जागा ठेवली नाही. घसा बसला, ओढणी खडूनं पांढरी झाली. शेवटी कपाळाचा घाम पुसत विचारलं, "अंडरस्टँड?"

"येऽऽस मिस!" आठ गळे, एकच सूर. मला थेट निघोजे आठवलं.

मॅडम मागून उठल्या. "बाळू, मी इथं नवीन आहे. मला डांगे चौकात जायचंय. सांग बरं, इंग्रजीत."

बाळूनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? त्यानं ठकुबाईंकडं बघितलं. ठकुबाई पदराशी चाळा करायला लागल्या.

"ठकुबाई, तुम्ही तर येस म्हणालात," मॅडम म्हणाल्या.

"म्हनले की," ठकुबाई म्हणाल्या. "लेकरू एवढं घसा फोडतंय, त्याच्या तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? आमास्नी काय मन न्हाई व्हय?"

बघा. माझ्या चाळीस वर्षांच्या वैतागाचं उत्तर त्या बाईनं एका दमात दिलं. मला वाटायचं माणसं खोटं बोलतात. ती माया करत होती.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. सगळे गेल्यावर घड्याळ दाखवत म्हणाल्या, "साबिया, चाळीस मिनिटांत एकतीस मिनिटं तूच बोललीस. त्यातली निम्मी फळ्याकडं तोंड करून. तिकडच्या मुलांना तुझी भाषा कळणार नाही, तुला त्यांची. ती पण येस टीचर म्हणतील आणि तू खूश होशील. हा तास मी पास करू शकत नाही. आता एकच उरला."

म्हणजे पोरीनं फळ्यालाच शिकवलं! आणि मी तर त्यातलं एक अक्षर शिकलो नाही.

साबिया टायरवर बसून रडली. शौकतभाई समोर कार्बोरेटर साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "रडून झालं की तो दहाचा पाना दे."

"अब्बा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

"वाटतं ना. म्हणून तर मागतोय. हातात काम आलं की माणूस रडत नाही."

तिनं पाना दिला. अब्बांच्या हातातल्या त्या पान्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं माझ्या फळ्या करकरल्या.

पुढच्या गुरुवारी तिनं मला खिळ्यावरून काढला आणि चार टायरवर चक्क आडवा निजवला. मी जन्मात कधी पाठीवर पडलो नव्हतो. हा काय प्रकार? फळा आहे की पाट? तिनं माझ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. फक्त रस्ते काढले. जुना स्पार्क प्लग म्हणजे गॅरेज. मोठा नट म्हणजे काळेवाडी फाटा. बेअरिंग म्हणजे डांगे चौक. बाळूच्या हातात एक छोटा बोल्ट दिला, ही तुझी रिक्षा. मग ठकुबाईंना म्हणाली, "तुम्ही सांगाल तशीच रिक्षा जाणार. मी बोलणार नाही." आणि खरंच तोंड मिटून मागं सरकली. बोलघेवड्या पोरीला ते किती जड गेलं, ते तिच्या मुठींवरून दिसत होतं.

सगळे माझ्यावर वाकले. एवढ्या जवळून माणसांची तोंडं मी पहिल्यांदाच बघत होतो. ठकुबाईंच्या बोटांना फोडणीचा वास होता.

"गो इस्ट्रेट," ठकुबाई हळूच म्हणाल्या. बोल्ट सरळ निघाला. "इस्ट्रेट. इस्ट्रेट." फाटा आला. "राइट!"

बाळूनं बोल्ट डावीकडं वळवला.

"नो! नो लेफ्ट! राइट! अरं मुडद्या, औंधाला निघालास व्हय?"

गॅरेजभर हसू फुटलं. बाळू लाजून म्हणाला, "सॉरी मावशी, आय… आय गो बॅक." आणि बोल्ट वळवून राइटला घेतला. कुणी शिकवलं नव्हतं त्याला हे वाक्य. गरज पडली, आलं.

पुढं सगळे एकमेकांच्या रिक्षा हाकू लागले. साबिया खाली वाकून नुसतं ऐकत होती, चुकलं तिथं एखादा शब्द हळूच पुरवत होती. शेवटी तिनं एक नवीन वाक्य सांगितलं, 'समोरासमोर' कसं म्हणायचं त्याचं. सवयीनं तोंडात तो जुना प्रश्न आला होता, मी बघितला. तिनं गिळला. म्हणाली, "ठकुबाई, तुमची मेस बेअरिंगच्या ऑपोझिट ठेवून दाखवा."

ठकुबाईंनी मेस म्हणून एक वॉशर उचलला, इकडं धरला, तिकडं धरला. मग मान हलवली. "नो मिस. न्हाई समजलं. परत सांग."

साबियाच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी वही मिटली. त्या वहीत काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, पण तोंड वाचता आलं. पोरगी पास झाली होती.

आता तिला जाऊन सात महिने झाले. मी परत खिळ्यावर आहे. माझी एक फळी तडकलीय, कडेला वाळवी लागलीय. शौकतभाई गाड्यांची कामं आता पुठ्ठ्यावर लिहितात, कारण माझ्यावरचे रस्ते त्यांनी अजून पुसलेले नाहीत. विचारलं की म्हणतात, "फडकं सापडत नाही." कमरेला लटकलेलं असतं.

दुपारी तिचा व्हिडिओ फोन येतो. परवाही आला. शौकतभाईंनी विचारलं, "बेटा, सगळं ठीक आहे ना?"

"हो अब्बा. एकदम ठीक."

शौकतभाईंनी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं. "हो नको म्हणू. आज काय जेवलीस ते दाखव."

मग तिनं फोन फिरवला. टेबलावर बिस्किटांचा पुडा होता, अर्धा.

"दोन दिवस ताप आहे, अब्बा. उठवत नाही."

"आता बोललीस," शौकतभाई म्हणाले. "ऊठ. भांडं घे. तांदूळ घे. मी बघतोय. धुऊन दाखव."

अर्धा तास त्यांनी पोरीकडून पेज करवून घेतली. स्टँडवर लावलेल्या गाडीचा मालक ओरडत होता, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. मला नवा रंग नको, नवी फळी नको. मोडाल तेव्हा खुशाल चुलीत घाला, आंब्याचं लाकूड आहे, चांगलं जळेल. पण तोवर माझ्या पोटावरचा डांगे चौक तेवढा राहू द्या. पोर सुट्टीला आली की विमानतळावरून औंधमार्गे येणारी रिक्षा काळेवाडी फाट्यावर बरोबर राइटला, घराकडं वळली पाहिजे.