उरेब कापलेली बोटं

रोबोटांच्या मेळ्यात परीक्षक बाई शेजारच्या टेबलावरून उठल्या आणि सूनबाई नेमकी तेव्हाच निघून गेली, हे काही शहाण्या बाईचं लक्षण नव्हतं. पाना बाहेर राहिला, आलेच, एवढं म्हणाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. सासूबाईंनी मांडीवरची पिशवी बाजूच्या खुर्चीवर आपटली. चार महिने स्वयंपाकघरात तारांचा पसारा मांडायचा, पोळपाटावर स्क्रू सांडायचे, आणि ऐन वेळी पाठ दाखवायची. दूध गॅसवर ठेवून गप्पा मारायला जाणारीच ही, दुसरं काय होणार.

टेबलावर रोबोट बसला होता. गुडघ्याएवढा, चार चाकांचा, एका हाताचा. सून पंपदुरुस्तीच्या दुकानात कामाला. भंगारातल्या मोटारी जमवून तिने तो उभा केला होता. त्याला काम एकच, टोपलीतलं अंडं उचलून हॉलच्या पलीकडे न फोडता ठेवायचं. पत्र्याच्या बोटांनी त्याने पहिल्याच आठवड्यात तीस अंडी फोडली. घरातली माणसं अंडी खाऊन खाऊन कोंबड्यांसारखी माना वाकड्या करून बघायला लागली, तेव्हा सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. तो आवरल्यावर शिलाई मशीनवर बसल्या आणि पत्र्यावर चढवायला कापडाची बोटं शिवून दिली. त्यानंतर एक अंडं फुटलं नव्हतं.

अट एकच घातली होती. माझं नाव घ्यायचं नाही. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला शिकल्यासवरल्यांच्या मेळ्यात हसं करून घ्यायचं नव्हतं. सुनेने मान डोलावली होती.

परीक्षक बाई आल्या. चष्मा कपाळावर, हातात वही. त्यांनी रोबोट कलता करून पोट बघितलं, मग त्याची बोटं दाबली, पुन्हा दाबली.

"ही कोणी केली?"

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

बाईंनी नियम सांगितला. भाग ज्याने केला त्यानेच तो समजावायचा. समजावणारं कोणी नसेल तर तो उतरवून ठेवायचा. म्हणजे पुन्हा उघडा पत्रा, पुन्हा फुटलेल्या अंड्यांचा चिखल, आणि चार महिने पाण्यात. बाई वहीत लिहायला वाकल्या.

"मी केली," सासूबाई म्हणाल्या. "पण मला तुमच्यासारखं बोलता नाही येणार."

"येतं तसं सांगा."

सासूबाईंनी पिशवीतून एक चिंधी काढली.

"हे सरळ ओढा. ओढा की, फाटत नाही. ताणतंय का? नाही. आता तिरकं धरून ओढा."

चिंधी लांबली. बाईंनी चष्मा नाकावर घेतला.

"याला आम्ही उरेब म्हणतो. सरळ कापलेलं कापड आपलंच खरं करतं. उरेब कापलं की समोरच्याचा आकार घेतं. गळ्याला पट्टी लावतो ती अशीच. अंड्याचं काय वेगळं, तेही गोलच."

आत काय भरलं, असं बाईंनी विचारलं. जुन्या गादीचा फोम. मुळाशी जास्त, टोकाशी कमी. टोकाशी कमी का? तर बोट आधी वाकतं आणि मग धरतं. तान्ह्या पोराचं डोकं आपण धरतो तसं. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्याच. टाके किती बारीक, दोरा कुठला, शिवण आत का घेतली, एकेक विचारत गेल्या. सासूबाई सांगत गेल्या. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांनी 'कधी मिळेल' एवढंच विचारलं होतं. 'कसं केलं' हे कोणी विचारलं नव्हतं, घरातल्यांनीही नाही.

उठताना बाईंनी ती चिंधी ठेवून घेऊ का म्हणून विचारलं, आणि जपून वहीत घातली.

पलीकडच्या टेबलावर एक निवृत्त लेथवाला आपल्या रोबोटची चाकं पुसत होता. त्याने मानेने खूण केली. "तुमची सून मघापासून त्या खांबामागे उभी आहे. पाना सापडला का विचारलं, तर मलाच गप्प बसवलं."

सासूबाईंनी वळून पाहिलं. खांबाआडून सून निघाली, रिकाम्या हातांनी, ओरडा खायच्या तयारीने. शब्द तिने पाळला होता. नाव घेतलं नव्हतं.

ती येईपर्यंत सासूबाईंनी बाजूच्या खुर्चीवरची पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची हाताने पुसली.

"लबाड आहेस तू," त्या म्हणाल्या. "आणि उभंच राहायचं होतं तर जवळ राहायचं. तिथून निम्मं तरी ऐकू आलं का तुला?"