कुकर आधी गेला

यंदा चिनी पंचांगात सहावा महिना दोनदा आला. अधिक महिना धरून सगळं पुढे सरकलं आणि सातवा महिना नेमका यीआनच्या होस्टेलच्या तारखांवर येऊन बसला. होस्टेलात राहायला येण्यासाठी कॉलेजने दोनच दिवस दिले होते, सप्टेंबरचा पहिला शनिवार आणि रविवार. त्या दोन दिवसांत जो येणार नाही त्याची कॉट यादीतल्या पुढच्याला, असं पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं.

पेइफेनने लेकीचं ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं ही तिची पहिली चूक. तिच्या सासूने, सगळं घर जिला आमा म्हणायचं तिने, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, बोट ठेवलं आणि म्हणाली, सातव्यात? सातव्यात कुणी बिऱ्हाड हलवतं का?

सातव्या महिन्यात खालच्या लोकाचं दार उघडतं. उपाशी, बेवारशी सगळे महिनाभर वर मोकळे फिरतात. चाओचौ गावात त्या महिन्यात कुणी लग्न करत नाही, घर घेत नाही, शहाणा माणूस पोहायलाही जात नाही. आमा त्यांना भुतं म्हणायची नाही. भले भाऊ म्हणायची, जसं काही गल्लीच्या टोकाला राहतात आणि कानोसा घेत बसतात.

महिना संपला की जाऊ दे पोरीला, असा आमाचा निकाल होता. कॉलेज तर त्याआधी पंधरा दिवस सुरू होणार, हे पेइफेनने सांगून पाहिलं. पहिले पंधरा दिवस नुसती नावं विचारण्यात जातात, आमा म्हणाली. ती स्वतः शाळेत चार वर्षं गेली होती. यीआन खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, मी जाणार, चालत जावं लागलं तरी जाणार. त्यावर आमा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"जा," ती म्हणाली. "मी दाराशी येणार नाही."

त्या घरात याहून जड शिक्षा नव्हती. यीआन पाच महिन्यांची असल्यापासून आमानेच तिला वाढवलं होतं, कारण पेइफेन खाली दुकानात मशीनवर असायची. पोरगी शाळेत निघो, परीक्षेला निघो, दात काढायला निघो, आमा दाराशी उभी राहायची आणि गल्लीच्या वळणापर्यंत बघत राहायची. अठरा वर्षांत एक खाडा नाही. यीआन "नको येऊस" म्हणाली खरी, पण त्या दिवशी जेवताना तिने भाताला हात लावला नाही. आमानेही लावला नाही. दोघींचे वाडगे पेइफेननेच झाकून ठेवले.

नवऱ्याला विचारलं तर तुंगशान म्हणाला, तुम्ही बायका ठरवा, आणि दुरुस्तीला आलेल्या स्कूटरखाली जाऊन आडवा झाला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि दर महत्त्वाच्या प्रसंगी कुणाची तरी स्कूटर बिघडलेली असायची.

त्यात ऑगस्ट. पेइफेनचं दुकान शाळेच्या गणवेशांवर नाव आणि नंबर दोऱ्याने भरून देण्याचं. वर्षाची निम्मी कामं याच महिन्यात येतात. काउंटरवर तीनशे सदरे पडले होते, बाहेर आया रांगेत उभ्या होत्या आणि वर घरात दोन बायका एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. हा रागही कुठेतरी निघायला हवा, म्हणून तिने यीआनच्या सामानावर नावं भरायला घेतली. उशीचा अभ्रा, टॉवेल, मोजेसुद्धा. विजेच्या कुकरचं कापडी झाकण शिवलं, त्यावर निळ्या दोऱ्याने पूर्ण नाव आणि कॉलेजचा नंबर. यीआनने ते पाहिलं आणि म्हणाली, आई, मी बालवाडीत चाललेय का? त्या झाकणावरून मायलेकींचं तीन दिवस वाजलं.

तोडगा शेवटी आमानेच काढला. देवळात तीनदा जाऊन आली आणि चौथ्या दिवशी जाहीर केलं की बिऱ्हाड म्हणजे माणूस नव्हे, चूल. महिना लागायच्या आत यीआनचा कुकर तिथे पोचला, त्यात पाणी उकळलं, की पोरगी तिथली झाली. मग माणूस कधीही येवो जावो, त्याला बिऱ्हाड हलवणं म्हणत नाहीत. सहावा संपणार शुक्रवारी. शुक्रवारी जायचं.

आमाने यादी दिली. कुकर. लाल कागदात तांदूळ आणि मीठ. उशी. लाल फीत बांधलेला छोटा झाडू. आणि घरच्या नळाच्या पाण्याची बाटली. ते पाणी तिथे उकळायचं, निम्मं प्यायचं, निम्मं परत आणायचं.

हे परत आणायचं काय आहे, पेइफेनने विचारलं. आहे तसं, आमा म्हणाली. पेइफेनने पंचांग काढून पाहिलं. त्यात चूल होती, तांदूळ होते, झाडूही होता. पाणी परत आणायचं कुठे नव्हतं.

शुक्रवारी दुकानाचं शटर ओढून, त्यावर माफीची चिठ्ठी चिकटवून, पेइफेन मांडीवर कुकर घेऊन आगगाडीत बसली. कॉलेज होतं त्या ताइचुंगपर्यंत साडेतीन तास. झाडू पिशवीतून बाहेर डोकावत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कोपराला लागत होता. यीआन कानात इयरफोन घालून खिडकीबाहेर बघत होती, जणू ही बाई, हा कुकर आणि हा झाडू तिच्या ओळखीचेच नाहीत. मग बस, मग टेकडी, मग भर उन्हात तो चढ. होस्टेलच्या दारातच लाल अक्षरांची पाटी होती. खोलीत विजेची भांडी आणण्यास सक्त मनाई.

रेक्टरबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्या कुकरकडे बघून म्हणाल्या, हा तर नाहीच. आणि प्रवेशाची तारीखही आज नाही. बाई वाईट नव्हत्या. पण तीनशे सदरे सोडून आलेल्या माणसाला चांगल्या बाईचा नकार जास्तच लागतो.

पेइफेन बाहेर येऊन झाडाखालच्या बाकावर बसली. पाठीचा घाम सुकू दिला. मग म्हणाली, दाराजवळ कुकर ठेव, फोटो काढ, आणि चल. घरी सांगायचं, झालं सगळं. पाणी आहेच बाटलीत, निम्मं ओतून टाकू.

यीआनने इयरफोन काढले. "आमाशी खोटं मी नाही बोलणार."

"कालपर्यंत तूच म्हणत होतीस ना, कसली ही खुळं म्हणून?"

"आहेतच खुळं. पण तिला भुतांची भीती नाहीये, आई. धाकट्या आजीची आहे."

"कुठली धाकटी आजी?"

मग यीआनने सांगितलं. आमाची धाकटी बहीण सोळाव्या वर्षी उत्तरेकडे सूतगिरणीत कामाला गेली. गिरणीची गाडी सातव्या महिन्यात आली, म्हणून सातव्यातच गेली. दोन वर्षांसाठी जाते म्हणाली होती. तिकडेच लग्न केलं, तिकडेच राहिली. त्यानंतर गावात तीनदा आली, तिन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला.

"वारली का?" पेइफेनने विचारलं.

"छे गं. मजेत आहे, नातवंडं आहेत. परत आली नाही, एवढंच."

पेइफेन झाडूच्या लाल फितीकडे बघत राहिली. एकवीस वर्षं ती आणि आमा एकाच मोरीत तांदूळ धूत होत्या. हिला आमाने झोपवता झोपवता सांगितलं असणार. आपण तेव्हा खाली, मशीनवर. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी संतापच आला. सरळ म्हणावं ना, बाई, की पोरगी परत येणार नाही अशी भीती वाटते. त्यासाठी घरच्या नळाचं पाणी साडेतीन तास वाहून आणायला लावायचं.

ती उठली, कुकर बगलेत मारला आणि पुन्हा आत गेली. विनवण्या केल्या नाहीत. तुम्ही दुपारचं जेवण कुठे गरम करता, एवढंच रेक्टरबाईंना विचारलं. एकदा पाणी उकळायचं आहे, खोलीत नाही, कुठेही चालेल, छप्पर होस्टेलचं हवं.

रेक्टरबाईंनी झाडू पाहिला, फीत पाहिली. मग वळून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"उद्यापासून लागतो, नाही का?"

"हो."

"सासूबाई?"

"सासूबाई."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तळमजल्यावर सगळ्यांसाठी एक छोटं स्वयंपाकघर आहे, म्हणाल्या. तिथे मुलींची भांडी राहिली तरी चालतात, मात्र ज्याच्यावर नाव नाही ते मी टाकून देते. ह्याच्यावर नाव आहे का?

यीआनने कुकर फिरवला आणि निळ्या दोऱ्याने भरलेली बाजू रेक्टरबाईंसमोर धरली. नंबरासकट. पेइफेनने त्या क्षणी तोंडातून एक अक्षर काढलं नाही, आणि हे तिला किती जड गेलं ते तिचं तिलाच माहीत.

पाणी उकळलं. त्या उकाड्यात दोघींनी जीभ भाजत निम्मं प्यायलं. उरलेलं बाटलीत ओतलं तर बाटलीच आक्रसून वाकडी झाली. ते निवायची वाट बघण्यात परतीची गाडी चुकली आणि पुढच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही.

घरी आमा दाराशीच होती. तिने वाकडी बाटली हातात घेतली, उजेडात धरून पाणी किती आहे ते पाहिलं आणि चहाच्या किटलीत ओतलं. यीआन चपला काढून आत पाय टाकते तर तिच्या जुन्या पिवळ्या सपाता जागेवर नाहीत. त्यांच्या जागी तपकिरी जोड, पाहुण्यांसाठी ठेवलेला.

"तू आता तिकडची," आमा म्हणाली. "इथे आलीस की पाहुणी."

पेइफेनला वाटलं, एका दिवसाची गंमत असेल. ती गंमत पुरे पंधरा दिवस चालली. पाहुणीने भांडी घासायची नाहीत, कचरा खाली न्यायचा नाही, वाळत घातलेले कपडे काढायचे नाहीत. पाहुणीसमोर रोज कापलेला पेरू. पाहुणी पाय वर घेऊन पंख्याखाली बसलेली, आणि खाली अजून दीडशे सदरे असलेली पेइफेन वर येऊन भांडी घासतेय. तिने एकदा म्हणून पाहिलं की होस्टेलला जायच्या आधी पोरीला निदान भात लावायला शिकवू. आमा म्हणाली, पाहुण्याला कुणी कामाला लावतं का, तुझ्या माहेरी लावत असतील. पाहुणी पेरू खात हसली. मोजे कसे धुवायचे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो शनिवार आला. सातवा महिना मध्यावर होता. तुंगशानने स्कूटर काढली, या वेळी चालू स्थितीतली. यीआन बॅग घेऊन पायऱ्या उतरली आणि दाराशी थांबली, मागे वळून बघायची हिंमत होईना तशी.

आमा आली. केस विंचरून, जणू खरंच कुणी बाहेरगावचं निघालंय अशी, हातात पेरूची पिशवी.

"या हं परत," ती म्हणाली. "घाईत आलात, नीट जेवलाही नाहीत."

यीआनचा चेहरा वेडावाकडा झाला. "येते, आमा."

"कुठे? तिकडे तर तू आहेसच. इकडे कधी येणार ते सांग."

ऑक्टोबरच्या सुट्टीत, यीआनने सांगितलं. आमाने तारीख दोनदा वदवून घेतली आणि गल्लीच्या वळणापर्यंत बघत राहिली. पेइफेनही बघत राहिली. खाली कुणीतरी सदऱ्यांसाठी हाका मारत होतं.

वर आल्यावर पेइफेनने तपकिरी सपाता कपाटात टाकल्या. मागून आमाने आपल्या कपाटातून पिवळ्या काढल्या. धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या. दाराजवळच्या चटईवर नेमक्या मधोमध ठेवल्या, टोकं घराच्या आत वळवून.

"मी कुठल्या महिन्यात आले होते हो या घरात?" पेइफेनने विचारलं.

"अकराव्या. पंचांग बघून."

"म्हणून टिकले म्हणायची."

"बघतेय अजून," आमा म्हणाली, आणि पेरू कापायला गेली. एकच पेरू, दोन वाटण्यांत.

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडायला जाताना पेइफेन त्या पिवळ्या सपातांना अडखळली आणि रोज चरफडली. बाजूला मात्र तिने त्या कधी सारल्या नाहीत.