दुखलं तर डावा हात वर करा

दुखलं तर डावा हात वर करा, असं आमच्या डॉक्टरीणबाई खुर्चीतल्या प्रत्येकाला सांगतात. आज खुर्चीत माझ्या सासूबाई आहेत.

तोंड उघडं. दाढ आतून किडलेली. माझ्या एका हातात थुंकी ओढायची नळी, दुसऱ्या हाताने मी त्यांचा गाल धरून ठेवलाय. दोन्ही हात अडकलेत, हे लक्षात असू द्या.

"आजी, घाबरायचं नाही हं," डॉक्टर म्हणाल्या. "मस्त गोष्ट लावते. आमचे सगळे पेशंट हिच्यावर लट्टू आहेत."

आणि त्यांनी फोनवर माझी कादंबरी लावली.

माझी आहे हे त्यांना ठाऊक नाही. कुणालाच नाही. अ‍ॅपवर टोपणनाव, वाचणारी बाई तिसरीच, आवाज मधासारखा. लिहिते मी. आतल्या खोलीत अवजारं वाफेवर असतात तेव्हा, आणि घरी सासूबाई माझ्या लेकीला, बबडीला, झोपवतात तेव्हा. म्हणजे त्यांनी बबडीला सांभाळलं नाही, तर नोकरी नाही. लिहिणं तर नाहीच नाही. आज दाढेपायी तेवढं तिला शेजारी ठेवून आल्यात.

लिहायला मला कुणी शिकवलं? पायांनी. खुर्चीतल्या माणसाचा चेहरा आमच्या हातांखाली असतो, पण पाय मोकळे. प्रसंग रंगला की बोटं सैल पडतात. मी पाल्हाळ लावलं की आखडतात. कित्येक पानं मी बोटं बघून फाडली.

आज सासूबाईंची बोटं बघतेय. रबरी चपला खुर्चीखाली, नीट जोडीने.

*"आरसेवाल्याने भिंतीला आरसा टेकवला आणि त्यातूनच तिच्याकडे पाहिलं. समोर बघायची त्याची हिंमत..."*

घर्रर्र.

*"...मोठ्या बाई आतून म्हणाल्या, मी म्हणजे या घराचं कुलूप. किल्ली घेऊन सगळे बाहेर!"*

मेले.

हे वाक्य सासूबाईंचं. जसंच्या तसं. मी कामाला निघाले की रोज दारात ऐकते. गोष्टीत घालताना एवढंच वाटलं होतं, झक्कास आहे.

डावा अंगठा हलला.

"डॉक्टर, बंद करूया का? आईंना असलं आवडत नाही."

"चल, काहीतरीच! काय हो आजी, आवडतंय ना?"

"आँ," सासूबाई म्हणाल्या. उघड्या तोंडाने माणूस दुसरं काय म्हणणार?

खरी भीती अजून सांगितलीच नाही. हा भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. पुढच्या भागात मी मोठ्या बाईंना मारलंय.

का मारलं? नायिका दाराबाहेर पडेचना. चार वेळा लिहिलं, चारही वेळा मोठ्या बाई उंबऱ्यात उभ्या. मग एका दुपारी अवजारं वाफेवर ठेवली आणि त्यांना जिन्यावरून पाडलं. सुटल्यासारखं वाटलं. चहासुद्धा घेतला.

फोन फळीवर. माझ्यापासून हातभर. पण हात नाहीत.

*"भाग पुढचा..."*

घर्रर्र. बाई गं, चालू दे तुझं यंत्र, थांबू नकोस.

*"...पायरीवरून पाय घसरला आणि मोठ्या बाई..."*

घर्रर्र.

सासूबाईंचा डावा हात वर गेला.

यंत्र थांबलं. "दुखलं?"

मान हलली. नाही. मग वर गेलेल्या हाताच्या बोटाने फोनकडे दाखवलं आणि हवेत उलटा गोल काढला.

"पुन्हा लावू? बघ, आवडतंय त्यांना!"

पुन्हा लागलं. या वेळी यंत्र बंद होतं. पाय घसरला. मोठ्या बाई गेल्या. नायिकेने दार सताड उघडलं. एकेक शब्द स्वच्छ.

मी बोटांकडे पाहिलं. ना सैल, ना आखडलेली. असे पाय मी आजवर पाहिले नव्हते.

घरी चालत निघालो. त्यांच्या दाताखाली कापसाचा बोळा, त्यामुळे बोलायची बंदी. इतकी लांब गल्ली आयुष्यात चालले नाही. मनात मी बबडीसाठी पाळणाघर शोधत होते, राजीनामा लिहीत होते, नवऱ्याला काय सांगायचं ते पाठ करत होते.

चौकात त्यांनी बोळा काढला.

"तिच्या पायात रबरी चपला होत्या."

"कुणाच्या, आई?"

"कुणाच्या काय! पहिल्या भागापासून आहेत. रबरी चपलेने पाय घसरतो होय गं?" अर्धा ओठ बधिर, शब्द एका बाजूने सांडत होते. "बबडीला निजवताना ऐकते मी. तेवढीच करमणूक."

"आई, ती गोष्ट..."

"कुलूप म्हणे." त्या चालू लागल्या. "आणि सून रडली नाही. दोन टिपं तरी गाळायची! लोक काय मूर्ख आहेत? त्यांना वाटणार, हिनेच ढकललं."

मी झपाझप चालत त्यांना गाठलं.

"आणि तो आरसेवाला कोण?"

"कुणी नाही. मनातला."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांचं नेहमीचं हं नव्हतं ते. की बधिर ओठामुळे तसं आलं?

आमचा जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस मावेल असा. एरवी त्या पुढे, मी पिशव्या घेऊन मागे. आज त्या पहिल्या पायरीपाशी थांबल्या. कठडा धरला.

"तू पुढे हो."

"तुम्ही व्हा ना आई, मी आहे मागे."

"म्हणूनच. तू पुढे हो."

मी चढले. दारापर्यंत पोचले. किल्ली त्यांच्या बटव्यात. खाली चपलांचा आवाज नाही. मागे वळून बघायचा धीर होईना. वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच भीती दिसली तर? मी दाराकडे तोंड करून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला.

"उद्या कधी निघायचंय तुला?"

हे त्या रोज विचारतात.

"नेहमीच्याच वेळेला," मी दाराला सांगितलं.

एक चप्पल वाजली. मग थांबली.