बारा पावलांवरची अस्वलीण

रानातली अस्वलीण जवळून पाहता यावी आणि ती बुजू नये म्हणून निवृत्त आरेखकाने पद्धत आखून घेतली होती. तोच करडा कोट, तीच तिपाई, हालचाल शून्य; आणि दर महिन्याला तिपाई सहा पावले पुढे. दीडशे पावलांपासून सुरुवात केली. तेवीस महिन्यांनी अंतर बारावर आले आणि तिची दोन पिल्ले त्याच्यासमोर कुस्ती खेळू लागली.

"घरात दोन मिनिटं बूड टेकत नाही, आणि तिथे बुजगावणं होऊन बसता!" बायको म्हणे.

तिपाई तो रानातच ठेवून येई. चुकला तो इथेच. दमलेला एक लाकूडतोड्या तिच्यावर टेकला. अस्वलीण नेहमीसारखी निर्धास्त जवळ आली. त्याने घाबरून कुऱ्हाड उगारली, आणि तिने त्याला फाडले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

वनाधिकारी घरी आला. "काका, ती आमच्यासमोर थांबत नाही. तुमच्यासमोर थांबते."

"म्हणजे मी तिला बंदुकीपुढे उभी करायची?"

"उद्या गावकरी कुऱ्हाडी घेऊन रान उठवणार आहेत. त्यांना आई काय अन् पिल्लं काय! आज तुम्ही बसलात, तर एकीवर भागेल."

बायकोने कोट पाठीमागे लपवला. "निदान हा तरी घालू नका हो."

"हाच हवा. दुसऱ्यात ती ओळखणार नाही."

ऊन कलताना ती आली. बारा पावलांवर थांबून तिने नाक वर केले, त्याचा वास घेतला आणि वाळवी उकरायला मान खाली घातली. झुडपातून गोळी सुटली. ती जागीच कोसळली.

पिल्ले थोडी दचकली. पण पळाली नाहीत. समोरचा माणूस बसलेला आहे तोवर भिण्याचे कारण नाही, हे ती त्याच्याकडूनच शिकली होती. आईला हुंगून ती त्याच्याकडे पाहत बसली. गोळीचा आवाज ऐकून खालच्या पायवाटेवरून गावकऱ्यांचा गलका आजच वर चढू लागला.

आरेखक उठला. पिल्लांच्यादेखत तो प्रथमच उभा राहत होता. त्याने तिपाई भिरकावली, मग हाताला येईल तो दगड.

"पळा! मेल्यांनो, पळा! माणूस आहे मी!"

एक दगड धाकट्याच्या नाकावर बसला. ते किंचाळले, आणि दोन्ही पिल्ले घळीत दिसेनाशी झाली.

"काका, गेली पिल्लं," वनाधिकारी म्हणाला. "पुरे आता."

आरेखकाने पुढचा दगड उचलला.