आवडाबाईंचे फडके आणि मी

मी एक जुनी डबी आहे. ॲल्युमिनियमची, मुठीत मावेल एवढी. डोक्यावर जाळीची छोटी टोपी आणि तळाला एक स्क्रू. मला ब्रीदर म्हणतात. मित्रांनो, तुम्ही मोटारसायकलचा हॉर्न ओळखता, आरसा ओळखता, नंबरप्लेटवर रंगवलेली नावेसुद्धा मोठ्याने वाचता. पण मला कोणी ओळखत नाही. याचे मला वाईट वाटत नाही. म्हणजे, थोडेसे वाटते.

आधी माझे काम सांगते. इंजिन चालू असले की त्याच्या पोटात तेल उसळते आणि गरम वाफ तयार होते. ती वाफ बाहेर पडली नाही तर पोट फुगते. इंजिनालाही उच्छ्वास असतो, असे समजा. तो नळीतून माझ्याकडे येतो. वाफेतले तेल मी पोटात धरून ठेवते आणि हवा टोपीतून बाहेर सोडते. दिवसभर दुसऱ्याचे उसासे ऐकायचे, हीच माझी नोकरी!

माझा जन्म वाळूजच्या एका लहानशा शेडमध्ये झाला. मोठ्या कामासाठी कापलेल्या दांड्याचा एक तुकडा उरला होता, त्यातून लेथवर मला कातले. मग एक रबरी नळी, ती आवळायला दोन क्लॅम्प, एक पट्टी आणि एक रबरी बूच यांच्यासोबत मला खोक्यात घातले. आमचे कुटुंब म्हणजे ‘ब्रीदर किट’. तिथून आम्ही औरंगपुऱ्यातल्या एका दुकानाच्या फळीवर आलो आणि दोन वर्षे तिथेच बसलो. शेजारी पाच सुरांत कोकलणारे हॉर्न होते. ते भराभर विकले जात. मला हातात घेऊन गिऱ्हाईक विचारायचे, “याने गाडी जोरात पळते का?” दुकानदार खरे बोलणारा होता. तो “नाही” म्हणायचा आणि मी पुन्हा फळीवर जायची.

मग २०१९चा उन्हाळा आला. आधीच्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. विहिरींचे तळ दिसू लागले होते आणि गावोगाव जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या. त्या उन्हाळ्यात तनुजा मला घ्यायला आली.

तनुजा पशुधन पर्यवेक्षक होती. बिडकीनच्या पुढच्या छावण्यांमधली गुरे तपासायची, औषधे द्यायची, हे तिचे काम. रस्ता कुठे अर्धा खोदलेला, कुठे नुसताच फुफाटा. म्हणून तिने उंच चाकांची, डांबरावरही चालेल आणि ढेकळांतूनही जाईल अशी जुनी मोटारसायकल घेतली होती. गाडी दणकट होती, पण तिच्या इंजिनाची तेलकट वाफ एका नळीने थेट एअर फिल्टरच्या डब्यात जायची. तिथे बाहेरची धूळ आणि आतले तेल मिळून चिखल व्हायचा. मग गाडी धापा टाकायची आणि मधेच बंद पडायची. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच.

एकदा सांडूबाबा नावाच्या म्हाताऱ्याचा बैल छावणीत पोट फुगून तळमळत होता. तनुजा निघाली आणि गाडी माळावर बंद पडली. ती पोहोचली तेव्हा बैल गेलेला होता. सांडूबाबा तिला एक शब्दही वाईट बोलला नाही. “जाऊ द्या बाई, तुमचा काय इलाज,” एवढेच म्हणाला. ते तिला फार लागले. आता त्याच्याकडे कपिली नावाची एकच गाय उरली होती आणि ती गाभण होती. पुन्हा सांडूबाबाकडे उशिरा पोहोचायचे नाही, असे तनुजाने मनाशी घट्ट धरले. म्हणून तिने मला घेतले. हॉर्नकडे तिने बघितलेसुद्धा नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

एका रविवारी सकाळी मला बसवले. तनुजा आणि तिची आई आवडाबाई बीड बायपासपलीकडच्या एका नव्या वसाहतीत वरच्या मजल्यावर राहत. खाली घरमालक मुकुंदकाका. काकांनी वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षे तपासनीस म्हणून काढली होती. निवृत्त झाले तरी त्यांची तपासणी संपली नव्हती. भाजीवाल्याचा काटासुद्धा ते तपासून घेत.

त्यांनी अंगणात गोणपाट अंथरले. जो स्क्रू निघेल तो स्टीलच्या ताटात, निघाल्याच्या क्रमाने ठेवायचा, हा त्यांचा नियम. तनुजाने सीट काढली, पेट्रोलची टाकी उचलून बाजूला ठेवली आणि ती जुनी नळी उपसली. नळीतून काळा चिखल ओघळला. फिल्टरच्या डब्याचे भोक रबरी बुचाने बंद केले. मग मला टाकीखाली, चौकटीच्या कडेला पट्टीने आवळले आणि इंजिनाची नळी माझ्या कुशीत बसवली.

“नळी कुठंही झोळीसारखी लोंबायला नको,” काका म्हणाले. “झोळीत तेल साचलं की वाट बंद. इंजिनापासून वर चढतच गेली पाहिजे.”

तनुजाने नळी सरळ केली, क्लॅम्प आवळले. काका समाधानाने हात पुसू लागले. तेवढ्यात तिने हँडल पूर्ण डावीकडे वळवले.

“काका, इकडं बघा. नळी चिमटतीय.”

काका वाकले. चष्मा वर केला, खाली केला. तीस वर्षांच्या तपासनिसाच्या नजरेतून ते सुटले होते! त्यांनी काही सबब सांगितली नाही. “शाबास,” म्हणाले आणि स्वतः पट्टी सोडवून मला दोन बोटे मागे सरकवले. मित्रांनो, चूक दाखवणारी आणि चूक मान्य करणारा, दोघेही मला त्या दिवशी फार मोठे वाटले.

आवडाबाईंनी माझ्या टोपीला हळदकुंकू लावले. गाडी सुरू झाली आणि इंजिनाचा पहिला ऊन श्वास माझ्यातून बाहेर पडला. दोन वर्षे फळीवर बसलेल्या डबीला याहून काय हवे?

त्यानंतर गाडी एकदाही धापा टाकत थांबली नाही. दर रविवारी तनुजा माझ्या तळाचा स्क्रू काढून चमचाभर तपकिरी गाळ बाटलीत रिकामा करायची. “हा सगळा पूर्वी फिल्टरच्या नाकात जात होता,” मुकुंदकाका बाटली उन्हात धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत. मी फुगून जायची. पण कौतुक फार टिकत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

मे महिन्यात वसाहतीत टँकरचे पाणी आठ दिवसांनी येऊ लागले, तेही गाळाचे. आवडाबाईंनी घरातल्या प्रत्येक तोंडाला फडके बांधले. नळाच्या तोंडाला, माठाला, पिंपाला. हिरव्या काठाचे त्यांचे जुने लुगडे त्यासाठीच फाडले होते. “तोंड बांधलं की जिन्नस टिकतो,” असे त्या म्हणत. खेड्यात सगळे आयुष्य त्यांनी असेच पाणी गाळून, दाणे झाकून जपले होते.

रोज गाडी पुसणेही त्यांनी स्वतःकडे घेतले होते. लेकीचे ओझे तेवढेच हलके. एका संध्याकाळी त्यांना टाकीखाली माझी टोपी दिसली. तिच्यावर धुळीचा थर होता. “अगं बाई, किती धूळ खाती ही!” असे म्हणून त्यांनी फडक्याची चौपदरी घडी माझ्या तोंडावर ठेवली आणि दोऱ्याने गच्च बांधली. इतक्या मायेने मला कोणी बांधले नव्हते. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. नाहीतर मी त्याच क्षणी ओरडले असते.

पहिले दोन दिवस निभावले. मग आतून तेलाची वाफ आणि बाहेरून धूळ, फडक्याचा दगड झाला. माझ्या नाकी नऊ आले. टाकीखाली असल्यामुळे तनुजाला काही दिसले नाही.

त्याच आठवड्यात, ऐन दुपारी तिचा फोन वाजला. सांडूबाबा होता. “बाई, कपिली अडलीय. वासराचा एकच पाय दिसतोय. लवकर या!”

तनुजा तशीच निघाली. अर्ध्या वाटेवर तिच्या बुटावर ऊन तेलाचा ओघळ आला. तिने गाडी थांबवली. आजूबाजूला एक झाड नाही, माणूस नाही. नाक दाबले की तोंड उघडते, ते इंजिनालाही लागू होते. माझे तोंड बंद झाले, तेव्हा आतला दाब गिअरजवळच्या रबरी सीलमधून तेल बाहेर ढकलत होता. तशीच दामटली असती तर इंजिन जाम झाले असते. थांबली असती तर कपिली गेली असती. तनुजाने डोके शांत ठेवले. तिने इंजिनावरची, तेलाची पातळी दाखवणारी काच बघितली. तेल खालच्या रेघेला टेकले होते. कुठे तडा आहे का ते बघितले. नव्हता. मग इंजिन चालू ठेवून तिने माझ्या टोपीवर तळहात धरला. श्वास लागेना. बोटांना फडके लागले.

तिने ते ओरबाडून काढले. तेलात भिजलेला हिरवा काठ बघताच ती किंचाळली, “आई!”

मी भस्सकन श्वास सोडला. सीलचा ओघळ हळूहळू थांबला. मुकुंदकाकांनी पिशवीत घालून ठेवलेली तेलाची छोटी बाटली तिने इंजिनात ओतली आणि पुन्हा निघाली. वाटभर ती आईला बोलायचे कठोर शब्द पुटपुटत जुळवत होती. मी ते सगळे ऐकले. ते इथे सांगणार नाही.

छावणीत पोहोचली तेव्हा कपिली आडवी पडून कण्हत होती. हात धुवायला पाणी मागितले, तर सांडूबाबाने स्वतःची प्यायची घागर तिच्या हातांवर रिकामी केली. तनुजाने कोपरापर्यंत साबण लावला. वासराचा दुसरा पाय आत दुमडला होता. तो तिने कितीतरी वेळ हळूहळू चाचपून सरळ केला. शेवटी एक ओले, लटपटते वासरू गोणपाटावर आले आणि शिंकले.

सांडूबाबा खाली बसला. गायीच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, “बाई, या खेपेला येळंवर आल्या.”

तनुजा रडली. घाम पुसल्याचे तिने ढोंग केले, पण मला कळले.

घरी आली तेव्हा आवडाबाई दारातच उभ्या होत्या. “गाय सुटली का गं?” हा त्यांचा पहिला प्रश्न. तनुजाच्या हातात ते फडके होते. “सुटली,” ती म्हणाली. गाडी चालूच होती. तिने आईचा हात धरून माझ्या टोपीवर ठेवला.

आवडाबाईंनी हात झटकन मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. “अगं, हे तर जित्तं हाय! श्वास घेतंय की. आन् मी त्याचं नाक बांधलं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “धूळ लई दिसली गं मला.”

“मीच तुला कधी दाखवलं नव्हतं, आई,” तनुजा म्हणाली.

त्या रविवारपासून माझा गाळ आवडाबाईच काढू लागल्या. काकांच्या ताटात स्क्रू ठेवून, वाटी खाली धरून, न सांडता. गाडी शिकवणाऱ्या पुष्कळ मोठ्या माणसांपेक्षा त्या मला जास्त जाणत्या वाटतात.

पुढे पाऊस पुन्हा नीट पडू लागला. बिडकीनकडचे रस्ते रुंद झाले आणि आमच्या वसाहतीपुढे आणखी चार वसाहती उठल्या. आता आमच्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. तनुजाची बदली वैजापूरला झाली. गाडी जिन्याखाली उभी राहिली आणि तिच्यावर प्लास्टिकचे जाड आवरण चढले. दीड वर्ष मला एकही श्वास आला नाही. उसाशांनाही मी मुकले.

गेल्या महिन्यात तनुजा घरी आली. आवडाबाईंना आता नीट दिसत नाही. त्या काठी टेकत जिन्याखाली आल्या आणि म्हणाल्या, “तनू, ते आवरण काढ आधी. गुदमरतंय ते.” गाडी चौथ्या किकला सुरू झाली. आवडाबाईंचा सुरकुतलेला तळहात चाचपडत माझ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

“हाय गं,” त्या हसून म्हणाल्या. “हाय अजून.”

मित्रांनो, वस्तू जपा, माणसे जपा, जनावरे जपा. पण मायेने काही झाकायच्या, बांधायच्या आधी एकदा आवडाबाईंसारखा तळहात ठेवून बघा, तिथून श्वास तर येत नाही ना!